माळावरच्या वाऱ्यावर घरचा दिवा: पहिली पवनचक्की करणाऱ्यांसाठी

मृग लागला की बालाघाटाच्या माथ्यावर आधी वारं येतं, मग ढग येतात, आणि पाऊस यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी येतो. पाणी सह्याद्रीनं अडवलेलं, आपल्या वाट्याला नुसतं वारं. बीड-धाराशिवकडच्या पाटोदा, भूम, वाशी, कळंब या पट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको. पेरणी करून तो आभाळाकडे बघत बसतो आणि ढग डोक्यावरून पळत राहतात. ऊन नसल्यामुळे छपरावरचं सोलर पॅनल मान टाकतं. आणि अशाच दिवसांत कुठं तरी तारेवर फांदी पडते नि वस्तीवरची लाईन दोन-दोन दिवस येत नाही.

घरगुती पवनचक्कीचं काम नेमकं या अडीच-तीन महिन्यांचं आहे. वर्षभराची वीज तिच्यावर काढायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. सोलर स्वस्त पडतं, त्याला फिरणारा भाग नाही, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या छतावरच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. माझ्याकडेही आधी पॅनल आलं, चक्की नंतर. दिवाळी ते होळी आपल्याकडे वारं इतकं मंद असतं की चक्की नुसती शोभेला उभी राहते. पण मृगापासून पोळ्यापर्यंत, पॅनल जेव्हा रुसतं तेव्हा, तीच बॅटरी रात्रीसुद्धा भरत राहते. जोडीदार म्हणून लावा, कर्ता पुरुष म्हणून नको.

खाली जे सांगतो ते १.८ मीटर, म्हणजे सहा फूट व्यासाच्या, तीन पात्यांच्या चक्कीचं आहे. चांगल्या जागी ती मोसमात दिवसाला अर्धं ते एक युनिट देते. एका युनिटात ९ वॅटचे चार बल्ब पाच तास, २८ वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे रात्रभर, थोडा टीव्ही आणि घरातले मोबाईल निघतात. विहिरीवरची मोटार, गिझर, इस्त्री हे विषय डोक्यातून काढा. तीन अश्वशक्तीची मोटार सव्वादोन किलोवॅट मागते, आणि आपली चक्की सोसाट्याच्या वाऱ्यातही तीनशे वॅटच्या पुढे जाणार नाही.

आधी वारं मोजा

वाऱ्याचा एक हिशोब पक्का लक्षात ठेवा: वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते. आमच्या सहा फुटी चक्कीला सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात जेमतेम २० वॅट मिळतात, ६ मीटरला ७५ आणि ८ मीटरला १८० च्या आसपास. हे आकडे वाऱ्यातली पाव ताकद हाती लागते असं धरून काढलेत. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभरएक वर्षांपूर्वीच दाखवून दिलं की कुठलीही चक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त ताकद काढूच शकत नाही. घरी केलेल्या यंत्राला पंचवीस टक्के मिळाले तरी सुतार आणि वेल्डर दोघांना चहा पाजा. मोबाईलवर 'फुकट वीज' म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यात चक्कीवर टेबलफॅनचा झोत सोडलेला असतो. त्या फॅनलाच चक्कीपेक्षा जास्त वीज लागत असते.

जवळच कंपन्यांच्या मोठ्या चक्क्या उभ्या आहेत, म्हणून आपल्याकडंही वारं असणारच, असं धरू नका. त्यांचं डोकं शंभर मीटरच्या आसपास, आपलं चाळीस फुटांवर. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे कुठल्या डोंगररांगेवर वारं आहे एवढं सांगतात. तुमच्या बांधावरची चिंच आणि शेजाऱ्याचा गोठा त्यात दिसत नाही.

म्हणून पहिला मोसम फक्त बघण्याचा. हातात धरायचा वारामापक मिळतो, तो घ्या. तो नसेल तर झाडांकडे बघा: पानं आणि बारीक काटक्या सतत हलत असतील, झेंडा ताठ फडफडत असेल तर साधारण साडेतीन ते साडेपाच मीटर. धुरळा आणि कागद उडू लागले, लहान फांद्या डोलू लागल्या की साडेपाच ते आठ. मृग ते मघा रोज तीन वेळा वहीत लिहा. निम्म्याहून जास्त नोंदी पहिल्या खुणेपर्यंतही पोचत नसतील तर यंत्राच्या नादी लागू नका.

आणखी एक शाळा गावातच आहे. उफणणी हाताने व्हायची तेव्हाची माणसं अजून आहेत. त्यांना विचारा की खळं कुठं करायचे आणि का. मी पहिली चक्की घरावरच उभी केली तेव्हा शेजारचे आबा म्हणाले होते, "अरं, तिथं कामून? तिथं तर कोंडा परत अंगावर येतो." मी हसून सोडून दिलं. तो कोंडा अंगावर का येतो ते मला पुढच्या वर्षी कळलं. घरावरून नि झाडांवरून आलेलं वारं गिरक्या घेतं, आणि गिरक्यांच्या वाऱ्यात चक्की दिशाच शोधत राहते. वीज होत नाही, बेअरिंग मात्र झिजतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लांब बांबूला, जमलं तर पतंगाच्या दोरीला, दर सहा फुटांवर चिंध्या बांधा. खालच्या चिंध्या वेड्यावाकड्या नाचतील. ज्या उंचीपासून चिंधी एका दिशेला ताठ राहते, तिथून पुढं वारं आपलं. ढोबळ नियम असा की पात्याचं खालचं टोक आजूबाजूच्या शंभर-दीडशे मीटरमधल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा तीस फूट वर हवं. आपल्या माळावर उंच झाडं कमी, म्हणून चाळीस फुटांत भागतं. गावात, आमराईजवळ भागत नाही.

घराच्या डोक्यावर नको

माझी पहिली चक्की आमच्या माळवदावर होती. सहा फुटांचा पाइप भिंतीला आवळला आणि झालं. रात्री अख्खं घर घुमायचं. आजी म्हणायची, माळवदावर कुणीतरी जातं ओढतंय. जुलैमध्ये एका लाकडी तुळईच्या टेकूशी माती गळायला लागली तेव्हा मी ती उतरवली. पत्र्याच्या घरावर तर विचारूच नका. चक्कीची थरथर छपरात उतरली की पत्रा ताशासारखा वाजतो.

पाच मीटरवरून बारा मीटरवर गेल्यावर वारं साधारण सव्वापट होतं. सव्वाचा घन केला की जवळपास दोन. म्हणजे तेच यंत्र, तीच पाती, नुसता खांब वाढवला तर वीज दुप्पट. यंत्रावर जेवढा खर्च कराल त्याहून जास्त खांब, तार आणि केबलवर करायची तयारी ठेवा. पैसे कमी पडत असतील तर चक्की लहान करा, खांब लहान करू नका. नवखा माणूस नेमकं उलट करतो. मीही तेच केलं.

जनित्र कुठून आणायचं

गाडीचा अल्टरनेटर सगळ्यांच्या डोक्यात पहिला येतो. तो नको. त्याला मिनिटाला हजाराच्या वर फेरे लागतात, शिवाय चुंबकत्व आणायला स्वतःच वीज खातो. आपली पाती चांगल्या वाऱ्यात तीनशे-चारशे फेरे घेतात. मध्ये पट्टा नाहीतर गिअर घातला की हलक्या वाऱ्यातली सगळी कमाई घर्षणातच जाते.

हौशी लोकांत सगळ्यात नावाजलेला मार्ग म्हणजे चुंबकांच्या दोन चकत्या आणि मधे रेझिनमध्ये ओतलेल्या तांब्याच्या कॉइल. स्कॉटलंडच्या स्कोरेग नावाच्या, वीज न पोचलेल्या द्वीपकल्पावर ह्यू पिगॉट यांनी ही पद्धत घडवली आणि जगभर पसरवली. स्कॉटलंडला हा नादच जुना. १८८७ मध्ये जेम्स ब्लाइथ यांनी तिथंच आपल्या घराच्या बागेत कापडी शिडांची चक्की उभी करून बॅटऱ्यांवर दिवे लावले होते. उरलेली वीज गावाला देऊ केली तर लोक म्हणाले, हे सैतानाचं काम! पिगॉट पद्धत उत्तम आहे, पण निओडायमियम चुंबकं बोटं चिरडतात आणि पहिल्याच खेपेला ओतकाम बिघडतं. ती दुसऱ्या चक्कीसाठी ठेवा.

पहिलीसाठी इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या चाकातली हब मोटर घ्या. संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या भंगारात आता ती मिळू लागली आहे. ती मुळातच कायम चुंबकाची थ्री-फेज मोटर असते. उलटी फिरवली की जनित्र. घेताना दोन परीक्षा करा. तीन जाड वायरी मोकळ्या ठेवून चाक फिरवा, सहज फिरलं पाहिजे. मग तिन्ही वायरी एकमेकींना जोडून फिरवा, चाक एकदम जड झालं पाहिजे. जड झालं नाही तर कॉइल जळालेली आहे, किंवा ती आत गिअर असलेली मोटर आहे. गिअरवाली आपल्या कामाची नाही. आख एकाच बाजूने धरता येईल अशी मोटर मिळाली तर फार बरं, कारण आपण दुसऱ्या बाजूला पाती लावणार.

तिसरी परीक्षा घरी. तीन वायरी थ्री-फेज ब्रिज रेक्टिफायरला, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची (डीसी) करणाऱ्या तुकड्याला, जोडा, पलीकडे मल्टिमीटर डीसीवर लावा आणि चाक हाताने सेकंदाला एक फेरा या गतीने फिरवा. मीटर ६ ते ७ व्होल्ट दाखवत असेल तर ती मोटर २४ व्होल्टच्या बॅटरीला जुळते. २४ ची बॅटरी भरायला रेक्टिफायरचा तोटा धरून २६ च्या वर व्होल्ट लागतात, म्हणजे सेकंदाला चार फेरे. आपल्या पात्यांना तेवढे फेरे साडेतीन-चार मीटर वाऱ्यात येतात. बरोब्बर जुळलं.

इथं लोक विचारतात, मग १२ व्होल्टचीच बॅटरी लावू, म्हणजे मंद वाऱ्यातही भरेल? भरेल, पण वारं वाढल्यावर चक्की अडखळेल. बॅटरी मोटारीला अडीच फेऱ्यांवर धरून ठेवते, पात्यांना मात्र सहा फेरे घ्यायचे असतात. पाती हवेत तरंगायची सोडून हवा ढकलायला लागतात आणि ताकद मरते. तुमच्या मोटारीचं माप ३ व्होल्टच निघालं तरच १२ व्होल्ट घ्या.

पाती

शेतात पीव्हीसी पाइपाचे तुकडे पडलेलेच असतात, म्हणून पाइप चिरून पाती करण्याचा मोह होतो. चार फुटांपर्यंतच्या खेळण्याला ठीक. सहा फुटांना पाइप वाकतो, आणि आपल्या उन्हात दोन वर्षांत ठिसूळ होऊन जुलैच्या वाऱ्यात तुकडा उडतो. तो तुकडा कुणाला लागेल हे सांगता येत नाही. लाकूडच घ्या. देवदार किंवा पाइन हलकं आणि सरळ रेषेचं. सागवान टिकतं, पण जड. गाठ असलेली फळी सुतार कितीही चांगली म्हणाला तरी नको.

प्रत्येक पात्याला ९० सेंटिमीटर लांब, १२ रुंद आणि ४ जाड अशी फळी लागते. रुंदी मध्याकडून टोकाकडे उतरत न्या: चक्कीच्या केंद्रापासून २० सेंटिमीटरवर १२, ४५ वर १०, टोकाला ६. आता पीळ. पुढची कड, म्हणजे हवा कापणारी, जागेवर ठेवायची आणि वाऱ्याकडच्या अंगाने लाकूड असं तासायचं की मागची कड खोल जाईल. २० सेंटिमीटरवर ३.२ सेंटिमीटर खोल, ४५ वर १.४, टोकाला फक्त ३ मिलिमीटर. टोक जवळपास सपाट फिरतं आणि मूळ पंधरा अंशांनी तिरकं, कारण टोकाचा वेग जास्त असतो. मुळाशी खरं तर याहून जास्त तिरपेपणा हवा, पण तेवढी जाड फळी परवडत नाही आणि मुळाशी वीजही फार होत नाही.

वाऱ्याकडचं अंग सपाट, पाठ फुगीर. जाडी रुंदीच्या आठव्या हिश्शाएवढी, सगळ्यात जाड भाग पुढच्या कडेपासून एकतृतीयांशावर. पुढची कड गोल, मागची पातळ, सुरीच्या पाठीएवढी. सुतार पहिल्यांदा पंख्याचं पातं समजून दोन्ही अंगं सारखी करेल. पुठ्ठ्याचे तीन साचे कापून त्याच्या हातात द्या. तोंडी समजावलं की चुकतं.

तिन्ही पाती तराजूत तोला. फरक पाच-दहा ग्रॅमच्या आत आणा. उकळलेलं जवसाचं तेल दोन-तीन हात पाजा, मग रंग. मग पाती पोलादी चकतीवर बसवून ती चकती हबच्या ब्रेक-डिस्कच्या छिद्रांवर नटबोल्टने आवळा आणि टोकापासून टोकापर्यंतची तिन्ही अंतरं टेपने सारखी करा. नंतर वारा नसलेल्या खोलीत चाक हळू फिरवून सोडा. दर वेळी एकच पातं खाली येऊन थांबत असेल तर समोरच्या दोघांच्या मुळाशी शिशाचा तुकडा लावा. ही पायरी एका संध्याकाळीत होत नाही आणि तिची घाईही करू नये. न तोललेली चक्की खांब सैल करते, खांब ताण तारा सैल करतो, आणि मग एक दिवस सगळंच खाली येतं.

शेपूट, आणि वादळात मान फिरवणं

शेपूट चक्कीला वाऱ्यासमोर ठेवतं हे सगळ्यांना दिसतं. जोराच्या वाऱ्यात तेच तिला वाऱ्यातून बाजूला काढतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. तेवढ्यासाठीच वेल्डरकडे एक दिवस बसा.

मोटार खांबाच्या मध्यरेषेवर बसवायची नाही. आठ-दहा सेंटिमीटर एका बाजूला सरकवून बसवायची. वारं पात्यांना ढकलतं आणि त्या सरकलेपणामुळे चक्की बाजूला वळू पाहते. शेपूट तिला धरून ठेवतं. शेपटीची बिजागरी मात्र सरळ उभी नको. उभ्या रेषेपासून साधारण वीस अंश कललेली हवी, म्हणजे शेपूट दुमडताना वर चढतं. मंद वाऱ्यात शेपटीचं वजन जिंकतं आणि चक्की समोर राहते. वारं आठ-दहा मीटरच्या पुढं गेलं की वारं जिंकतं, शेपूट दुमडतं, चक्की कड देऊन उभी राहते. जोर उतरला की शेपूट आपल्याच वजनाने परत जागेवर. दांडी एक मीटर, टोकाला ६० बाय ४० सेंटिमीटरचं प्लायवूड. दुमडण्याची वेळ फारच उशिरा येत असेल तर प्लायवूड हलकं करा. लवकर येत असेल तर त्याला थोडं वजन बांधा. दुमडलेलं शेपूट पात्यांना लागणार नाही इथं एक अडथळा वेल्ड करायला विसरू नका.

वळण्यासाठी महागडं बेअरिंग लागत नाही. खांबाच्या पाइपावर जरा मोठा पाइप टोपीसारखा, मधे भरपूर ग्रीस. केबल पाइपातून खाली सोडायची.

खांब उभा करणं

अडीच इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, सहा-सहा मीटरचे दोन पाइप जोडून खांब, पायथ्याला बिजागरी, मधे आणि वर अशा दोन ठिकाणी चारही बाजूंनी ताण तारा. वरच्या तारा पात्याच्या टोकापासून किमान वीतभर खाली बांधा. खुंट्या खांबापासून सहा-सात मीटरवर. प्रत्येक तारेला टर्नबकल (पिळून तार ताणायचा स्क्रू), प्रत्येक टोकाला तीन क्लॅम्प. दोन पुरतात असं दुकानदार म्हणेल.

काळ्या रानात खुंटी गाडताना भान ठेवा. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते. नुसत्या काळ्या मातीत रोवलेली खुंटी वर्षात हलते. मुरूम लागेपर्यंत खणा आणि तिथं काँक्रीट भरा. माळावर दोन-तीन फुटांत मुरूम लागतो. खालच्या रानात खोल जावं लागेल.

खांब आडवा असतानाच चक्की बसवायची आणि मग बिजागरीवर उभा करायचा. कुणी वर चढायचं नाही, तेही पुढं कधीच नाही. पायथ्याला काटकोनात चार-साडेचार मीटरचा दुसरा पाइप जोडतात, त्याच्या टोकाला ओढायची तार बांधली की खांब उचलायला ताकद कमी लागते. बाजूच्या दोन्ही खुंट्या बिजागरीच्या रेषेत हव्यात. नाहीतर खांब उठताना त्या तारा ताणून तुटतात नाहीतर सैल पडून खांब लोळतो. ट्रॅक्टर लावून ओढायची खेड्यात हौस असते. ट्रॅक्टर झटका देतो आणि झटक्यात तार तुटते. बोअरमधली मोटार काढणाऱ्या पोरांना बोलवा. तिवई, चेनपुली, क्लॅम्प हे सगळं त्यांच्याकडे असतं आणि शंभर-दीडशे फूट पाइप लोंबकळत धरायची त्यांना सवय असते. आमच्या खांबाला त्यांनी दीड तास घेतला, त्यातला अर्धा तास चहाचा.

आधी यंत्राशिवाय, रिकाम्या खांबावर एकदा सराव करा. दिवस माघ-फाल्गुनातला, वेळ सकाळची, वारं पडलेलं. खांब पडला तर जेवढ्या अंतरात पडेल त्या गोलात घर, गोठा, वाट आणि महावितरणची तार यातलं काहीही नको. वर जाणाऱ्या ११ केव्ही तारेपासून खांबाच्या उंचीच्या दीडपट तरी लांब राहा. पायथ्याला चांगलं अर्थिंग करा, मीठ-कोळशाच्या खड्ड्यातलं, कारण चैत्र-वैशाखातल्या वळवात आपल्याकडे वीज किती माणसं नि जनावरं घेऊन जाते हे आपण दरसाल बघतो. आभाळ कडाडू लागलं की खांबाजवळ थांबायचं नाही, तारांना हात लावायचा नाही.

बॅटरीपर्यंतची वाट

पायथ्याच्या पेटीत रेक्टिफायर ठेवा, त्याला पत्र्याची उष्णता उधळणारी पट्टी लावा. त्याच पेटीत ब्रेकचा स्विच: खांबातून आलेल्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडणारा. मघाशी हातानं बघितलं तसंच, तिन्ही जोडल्या की चक्की जड होऊन थांबते. हा ब्रेक झुळुकांमधल्या उसंतीत लावायचा. भर वादळात लावला तर कॉइल जळू शकते. म्हणून वळवाचं आभाळ दिसलं की आधीच लावून ठेवा.

तिथून घरापर्यंत केबल. चाळीस मीटर अंतर आणि ३०० वॅट धरा. २४ व्होल्टवर साडेबारा अँपिअर जातात. ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेत त्यातले जवळपास तीन व्होल्ट वाटेतच मरतात, १० च्या तारेत पावणेदोन. घरातली अडीचची वायर लावली तर सात! हेच १२ व्होल्टवर केलं असतं तर प्रवाह दुप्पट आणि तोटा चौपट.

घरात १२ व्होल्टच्या १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सलग जोडून २४ करा आणि २४ व्होल्टचा इन्व्हर्टर लावा. दोघींत मिळून साडेतीन युनिटं मावतात, वापरायची निम्मी. त्याखाली रोज उतरवलं तर बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. बॅटरीच्या टोकालाच ३० अँपिअरचा डीसी फ्यूज. खोलीला खिडकी असू द्या, भरताना बॅटरीतून जळाऊ वायू निघतो. देवघर आणि झोपायची खोली दोन्ही टाळा.

आता सगळ्यात जास्त यंत्रं जिथं मरतात ती गोष्ट. सोलरचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचं भरणं सांभाळणारी पेटी, चक्कीला लावू नका. बॅटरी भरली की तो जोडणी तोडतो. पॅनलचं त्यात काही बिघडत नाही. चक्कीचं ओझं मात्र अचानक सुटतं, आणि भरल्या वाऱ्यात ती मोकाट सुटलेल्या खोंडासारखी फिरत सुटते. चक्कीला जोडणी तोडणारा नव्हे, उरलेली वीज दुसरीकडे वळवणारा कंट्रोलर हवा: २८.८ व्होल्ट झाले की वीज हीटरमध्ये टाकणारा. हीटर घरीच होतो. २००० वॅटच्या शेगडीची कॉइल घ्या, तिचे पाच सारखे तुकडे करा, त्यातले दोन तुकडे समांतर जोडा. २८ व्होल्टला हे तीनशे वॅट सहज खातात. विटांवर बसवा आणि कडब्यापासून लांब ठेवा. एका बड्या दुकानदाराने मला 'हायब्रिड' म्हणून विकलेला कंट्रोलर उघडून बघितला तर आत साधा सोलरचाच होता, वर स्टिकर नवं. घेताना विचारा की बॅटरी भरल्यावर वीज जाते कुठं. उत्तर देता आलं नाही तर पुढचं दुकान.

पॅनल याच बॅटरीवर, पण आपल्या वेगळ्या कंट्रोलरमधून आणि वेगळ्या फ्यूजमधून जोडा. आणि घरची वीज महावितरणच्या तारेत कधीही मिसळू देऊ नका. बंद लाईनवर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या इन्व्हर्टरची वीज मारू शकते. मधे चेंजओव्हर स्विच हवाच: एक तर त्यांची, नाहीतर आपली.

मोसमभर

पहिल्या आठवड्यात रोज ताण तारा हाताने दाबून बघा, नंतर महिन्यातून एकदा. पहिला मोठा पाऊस झाला की पुन्हा, कारण माती बसते. आवाजाकडे कान ठेवा. नीट तोललेली चक्की सुस्कारा टाकल्यासारखी वाजते. खडखड, फडफड किंवा नवीन कुठलाही सूर आला तर ब्रेक लावा आणि मग शोधा. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी, नळाचं नाही.

पोळा झाला की खांब आडवा घ्या. पात्यांची पुढची कड धुळीने खरडलेली असते, तिथं पुन्हा रंग द्या. बोल्ट आवळा, टोपीत ग्रीस भरा, केबलचा पीळ सोडा. चक्की वर्षभर गिरक्या घेते त्यामुळे पाइपातली केबल दोरीसारखी वळत जाते. पायथ्याशी एक प्लग ठेवलात तर खांब न पाडताही तो काढून पीळ मोकळा करता येतो. मी पहिल्या वर्षी प्लग ठेवला नव्हता. केबल कापून परत जोडली, आणि जोडताना दोन वायरींची अदलाबदल झाली. पोरगं घाबरून म्हणालं, आता चक्की उलटी फिरेल का? नाही फिरत. रेक्टिफायरच्या आधीच्या तीन वायरी कशाही जोडा, काही फरक पडत नाही. नंतरच्या दोन मात्र लाल-काळं बघूनच जोडा.